तीन मराठी राजधान्या

एकाच प्रांतांतील मोठीं शहरें परस्परांसारखीं असावयाचींच, असा आपला एक सार्वत्रिक समज आहे. भाषा एक, सण एक, पंचांग एक, स्वयंपाकघरांतील फोडणीहि थोड्याफार फरकानें एकच. मग नगरांनगरांत भेद तो किती असणार, असें आपण मनाशीं म्हणतों. याच्या उलट प्रत्येक नगरवासीयास आपलें गांव इतरांहून अगदीं निराळें वाटत असतें. पुणेकराच्या मतें पुण्यास उपमा पुण्याचीच. नागपूरकरास आपला उन्हाळा आणि आपलें आदरातिथ्य हीं दोन्ही अतुलनीय वाटतात. आणि कोल्हापूरकराशीं तालमींविषयीं वाद घालण्याचें धाडस तर कोणी करूं नये. हे दोन समज एकाच वेळीं पूर्णपणें खरे असूं शकत नाहींत. दोहोंना कोठेंतरी मर्यादा घातली पाहिजे, आणि ती मर्यादा इतिहासाच्या आधारानें कोठें पडते, हें पाहण्याचा यत्न आम्ही येथें करणार आहों.

तुलनेसाठीं आम्ही पुणें, नागपूर व कोल्हापूर हीं तीन शहरें निवडलीं आहेत. मुंबई मुद्दाम वगळली आहे. मुंबई ही समुद्रानें, कंपनीच्या वखारीनें आणि पुढें कापसाच्या व्यापारानें घडविलेली नगरी. तिचें खरें नातें कलकत्ता व मद्रास या जुन्या बंदरांशीं आहे, साताऱ्याशीं किंवा सोलापुराशीं नाहीं. परंतु वरील तीन शहरें एकाच मराठी सत्तेच्या तीन शाखांचीं राज्यपीठें होतीं. पुण्यास पेशवे, नागपुरास भोसले आणि करवीरास छत्रपतींची गादी. अठराव्या शतकांत या तिघांवर एकच ठसा उमटला, आणि एकोणिसाव्या शतकांत तिघांचें नशीब तीन वाटांनीं गेलें. रसायनशाळेंत एकच द्रव्य तीन नळ्यांत घेऊन प्रत्येकींत निराळें आम्ल घालावें आणि काय होतें तें पाहावें, तसाच हा प्रयोग काळानें आपणांपुढें मांडून ठेविला आहे.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, या तिहींपैकीं एकहि नगर मराठ्यांनीं उजाड माळावर वसविलेलें नाहीं. आठव्या शतकांतील राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत पुण्याच्या नांवाचा विषय, म्हणजे आजच्या भाषेंत जिल्हा, आढळतो. कोल्हापूर तर महालक्ष्मीच्या देवालयामुळें शिलाहारांच्या काळींच नांवारूपास आलेलें होतें. नागपूर त्या मानानें तरुण. पण त्याचा जन्मदाता मराठा नसून देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद होय. त्यानें १७०२ च्या सुमारास नाग नदीच्या कांठच्या बारा वाड्या एकत्र करून हें नगर बसविलें, आणि त्याचा पुत्र चांद सुलतान यानें तेथें राजधानी आणून तटबंदी व जुम्मा तलाव बांधला. म्हणजे तिन्ही ठिकाणीं मराठी सत्ता ही मागाहून आलेली यजमानीण होय. पूर्वीच्या घराच्या जोत्यावर तिनें आपला वाडा चढविला.

याच संदर्भांत एका विलक्षण साम्याकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारसांत कलह माजला, तेव्हां रघूजी भोसल्यानें मध्यस्थ म्हणून प्रवेश केला आणि १७४३ च्या सुमारास नागपुरांतच आपलें ठाणें कायम केलें. तथापि गोंड राजास त्यानें पदच्युत केलें नाहीं. नांवाचा राजा म्हणून त्यास किल्ल्यांत मानानें राहूं दिलें. सातारा येथें छत्रपति आणि पुण्यास सारा कारभार, ही जी पेशव्यांची रीत, तीच येथें दुसऱ्या रूपानें दिसते. सत्ता आपल्या हातीं घ्यावयाची, पण मानाचें पान जुन्या धन्यापुढें वाढावयाचें, ही त्या काळच्या मराठी राजकारणाची हातोटीच होती. नगरांचीं साम्यें केवळ दगडविटांत शोधून चालत नाहीं, तीं अशा वृत्तींतहि शोधावीं लागतात.

आतां त्या ठशाकडे वळूं. या नगरांचा घटक म्हणजे पेठ. पेठ ही केवळ बाजारपेठ नव्हे. एखाद्या सरदारास किंवा सावकारास वसाहतीचा अधिकार द्यावयाचा, त्यानें उदमी, कारागीर व ब्राह्मण आणून वसवावयाचे, देऊळ व विहीर बांधावयाची, आणि तेथील बंदोबस्तास सरकारानें माणसें नेमावयाचीं, अशी ती योजना होती. पुण्यांत जुन्या कसब्याभोंवतीं अशा पेठा एकामागून एक उभ्या राहिल्या. त्यांपैकीं कांहींचीं नांवें प्रथम निराळीं होतीं. आजची रविवार पेठ ही पूर्वींची मलकापूर, सोमवार ही शहापूर, आणि गुरुवार ही वेताळ पेठ. वारांचीं नांवें संपलीं तेव्हां माणसांचीं आलीं. सदाशिवरावभाऊंच्या नांवें सदाशिव, नारायणरावांच्या नांवें नारायण, नाना फडणिसांच्या नांवें नाना, रास्त्यांच्या नांवें रास्ता. कोल्हापुरांतहि मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार अशी आठवड्याची माळ आहेच. नागपुरांत तीच माळ आहे, पण तिचे मणी निराळ्या उच्चाराचे आहेत: इतवारी, बुधवारी, शुक्रवारी. पुणें ज्यास रविवार म्हणतें, त्यास नागपूर इतवार म्हणतें, एवढ्या एका शब्दांत सातपुड्यापलीकडचें सारें हिंदी शेजार ऐकूं येतें. साम्य केवढें आणि भेद कोठें, याचें याहून सुटसुटीत उदाहरण आम्हांस सांपडलें नाहीं.

पेठांच्या मध्यभागीं राजाचा वाडा. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला आणि दोनच वर्षांनीं, २२ जानेवारी १७३२ रोजीं, त्याची वास्तुशांति झाली. नागपूरच्या भोसल्यांचा वाडा काळ्या दगडाचा असून त्याचें लांकडी कोरीव काम प्रसिद्ध होतें. या दोन्ही वास्तूंचा शेवटहि सारखाच झाला. शनिवारवाडा १८२८ मध्यें अग्नीच्या भक्ष्यस्थानीं पडला, आणि भोसल्यांचा वाडा १८६४ मध्यें. पुण्यास तट, दरवाजा व नगारखाना उरला. नागपुरासहि नगारखानाच उरला. ज्या नगाऱ्यानें धनी जागा असल्याची ग्वाही द्यावयाची, त्याचेंच स्थान तेवढें मागें राहावें आणि धनी व घर दोन्ही नाहींसें व्हावें, हा योगायोग खरा. पण मराठी नगरांचा इतिहास वाचणारास तो सहजासहजीं विसरतां येत नाहीं. कोल्हापुराचें मात्र तसें झालें नाहीं. तेथें जुना राजवाडा टिकला, आणि त्याच्या जोडीस १८७७ ते १८८४ या काळांत मेजर मॅंट यांच्या आराखड्याप्रमाणें नवा राजवाडा उभा राहिला. हा भेद कां पडला, याचें उत्तर १८१७ सालांत आहे.

त्या सालच्या नोव्हेंबर महिन्यांत दोन मराठी राजधान्यांचें दैव एकाच पंधरवड्याच्या हिशेबानें फिरलें. ५ तारखेस खडकीची लढाई झाली आणि १७ तारखेस शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. २६ व २७ तारखांस नागपुरांत सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई होऊन अप्पासाहेब भोसल्यांचा पक्ष पडला. कोल्हापूरकरांनीं १८१२ मध्येंच इंग्रजांशीं तह केलेला होता; तें राज्य या वणव्यांतून वांचलें. येथपासून तीन वाटा फुटतात. पुण्याचें राज्य १८१८ मध्यें समूळ गेलें. नागपुराचें राज्य अंकित होऊन आणखी पस्तीस वर्षें टिकलें. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढील वर्षीं डलहौसीनें तें खालसा केलें. कोल्हापुराचें राज्य मात्र १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत चाललें. एकास राजा उरला नाहीं, दुसऱ्यास राजाच्या जागीं कमिशनर मिळाला, आणि तिसऱ्याचा राजा शेवटपर्यंत राहिला. या तीन नगरांच्या आजच्या स्वभावाची गुरुकिल्ली आमच्या मतें एवढ्या एका वाक्यांत आहे.

पुण्याचेंच पाहा. पेशवाई बुडाली तेव्हां पुण्यांत काय उरलें? लिहिणारे कारकून, पढलेले शास्त्री आणि रिकामे वाडे. धनी नाहीं, उद्योग नाहीं, जवळ फक्त अक्षर आहे, अशी ती स्थिति होती. पेशव्यांच्या दक्षिणेच्या निधींतून इंग्रजांनीं १८२१ मध्यें विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा काढली, आणि पुण्याचा ओघ शिक्षणाकडे वळला तो वळलाच. १८४८ मध्यें बुधवार पेठेंतील भिडेवाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा उघडली. पुढें १८७० मध्यें सार्वजनिक सभा, १८८० मध्यें न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्यें 'केसरी', १८८५ मध्यें फर्ग्युसन कॉलेज, १९१० मध्यें भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१७ मध्यें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, अशी संस्थांची रांग लागली. यांपैकीं बहुतेक संस्था वर्गणीवर उभ्या राहिल्या, हें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. राजा नाहीं म्हणून सभा, खजिना नाहीं म्हणून वर्गणी, दरबार नाहीं म्हणून वर्तमानपत्र. पुण्याच्या ज्या वादप्रियतेची थट्टा होते, तिचें मूळहि येथेंच आहे. जेथें हुकूम करणारा कोणी नसतो, तेथें प्रत्येक गोष्ट वाद घालूनच ठरवावी लागते.

नागपुराची घडण अगदीं वेगळी झाली. १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याचें मुख्य ठिकाण बनलें. जुन्या महालापासून दूर, सीताबर्डीच्या पलीकडे, बंगल्यांचें दुसरें नागपूर वसलें. १८६७ मध्यें आगगाडी आली, आणि १ जानेवारी १८७७ रोजीं, ज्या दिवशीं व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यांत आलें त्याच दिवशीं, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. वऱ्हाडचा कापूस दाराशीं, दगडी कोळसा फार दूर नाहीं, आणि सभोंवारच्या खेड्यांतून येणारे मजूर. तेव्हां नागपूर एकाच वेळीं कचेऱ्यांचें व कामगारांचें शहर झालें. शिवाय ज्या प्रांताची ती राजधानी, त्यांत हिंदी बोलणारे फार मोठ्या संख्येनें होते. त्यामुळें येथील मराठी माणसास शेजाऱ्याची भाषा समजून घेण्याची संवय लागली. १९२३ मध्यें येथें विद्यापीठ निघालें, तें पुण्याच्या विद्यापीठाहून २६ वर्षांनीं वडील. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं प्रांतरचना बदलली आणि नागपुराचें राजधानीपद गेलें. त्याची भरपाई म्हणून १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणें विधिमंडळाचें एक अधिवेशन नागपुरांत भरतें. राजधानीपद गमावल्याची हुरहूर पुण्यास दोनशे वर्षांत जिरवितां आली. नागपुराची जखम त्या मानानें ताजी आहे, हें पश्चिमेकडील मंडळींनीं विसरूं नये.

कोल्हापुरांत राजा होता, आणि १८९४ पासून १९२२ पर्यंत तो राजा शाहू छत्रपति हा होता. त्यामुळें जें काम पुण्यांत सभेनें व नागपुरांत गिरणीनें किंवा कचेरीनें केलें, तें येथें आज्ञेनें झालें. १८९५ मध्यें शाहूपुरीची व्यापारपेठ, १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें, २६ जुलै १९०२ रोजीं मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम, १९१२ मध्यें खासबागेचें कुस्तीचें मैदान, १९१७ मध्यें सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय. कुस्ती, गायन व चित्रकला यांना राजाश्रय मिळाला, आणि त्या आश्रयांतून पुढें बोलपटाची कला वाढली. येथेंच या नगरांच्या परस्परसंबंधाचें एक मजेदार उदाहरण मिळतें. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्यें कोल्हापुरांत निघाली आणि १९३३ मध्यें पुण्यास गेली. कला राजाच्या आश्रयानें जन्मली आणि बाजाराच्या आश्रयास गेली, असें त्याचें तात्पर्य काढतां येईल.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, मग हीं शहरें भिन्नच ठरलीं. साम्य उरलें तें पेठांच्या नांवांत आणि जळक्या वाड्यांत. आमचें मत तसें नाहीं. या नगरांचें सर्वांत खोल साम्य त्यांच्या गुणांत नसून त्यांच्या एका दोषांत आहे, आणि त्याचा उल्लेख टाळून लिहिलेला नगरेतिहास अपुरा होय. पेठ हा त्या ठशाचा सुंदर भाग. पण कोणी कोणत्या पेठेंत राहावें आणि कोणत्या हौदावरचें पाणी कोणी भरावें, हेंहि त्याच ठशांत कोरलेलें होतें. पेशव्यांनीं कात्रजच्या तलावांतून नळ आणून पुण्यांत ठिकठिकाणीं हौद बांधले, ही स्थापत्याची थोर कामगिरी खरी. परंतु पाणी जमिनीखालून सर्वांसाठीं वाहत आलें, तरी जमिनीवर येतांच तें जातवार वांटलें जात असे. नागपुराचे तलाव व कोल्हापुराचे पाणवठे यांनाहि हाच नियम लागू होता.

एकच आजार तिन्ही ठिकाणीं होता. उपचार मात्र प्रत्येक नगरानें आपापल्या प्रकृतीप्रमाणें केला. राजा नसलेल्या पुण्यांत तो एका व्यक्तीनें केला. १८६८ मध्यें जोतीरावांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानिलेल्या लोकांस खुला केला. ना हुकूम, ना वर्गणी, केवळ एका गृहस्थाचा निश्चय. राजा असलेल्या कोल्हापुरांत तो राजानें केला. १९१९ मध्यें शाहू महाराजांनीं सार्वजनिक पाणवठे, शाळा व दवाखाने यांत शिवाशीव पाळूं नये असे हुकूम काढले, आणि गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलांत स्वतः चहा घेऊन त्या हुकुमांना आचरणाची जोड दिली. कामगारांच्या नागपुरांत तो समुदायानें केला. मे १९२० मध्यें तेथें शाहू महाराजांच्याच अध्यक्षतेखालीं बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला तोहि याच नगरांत. व्यक्ति, राजा आणि समुदाय, असे हे तीन वैद्य. यांपैकीं कोणाचा उपचार अधिक गुणकारी, हा वाद वाचकांनीं घरीं घालावा. आम्हांस इतकेंच दाखवावयाचें आहे कीं, नगरें सारखीं आहेत कीं नाहींत हा प्रश्न नुसता कुतूहलाचा नाहीं. आजार सारखा आहे हें कळल्यावांचून एका नगराचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगीं पडत नाहीं. आणि प्रकृति वेगळी आहे हें कळल्यावांचून औषध लागू पडत नाहीं.

आजच्या काळीं या दुहेरी ज्ञानाची गरज अधिकच आहे. २०११ च्या खानेसुमारींत पुण्याची लोकसंख्या ३१ लाखांवर, नागपुराची २४ लाखांवर आणि कोल्हापुराची साडेपांच लाखांच्या आंतबाहेर भरली. नागपुरांत २०१९ पासून व पुण्यांत २०२२ पासून मेट्रो धांवूं लागली. पेठांबाहेर नवीं उपनगरें पसरलीं. त्यांच्या इमारतींचीं छायाचित्रें एकापुढें एक ठेविलीं, तर कोणतें चित्र कोणत्या गांवचें तें सांगणें कठीण जाईल. हें नवें साम्य जुन्या पेठांच्या साम्यासारखें नाहीं. पेठ ही ओढा, चढउतार, देऊळ व धंदा पाहून वसे. म्हणून सर्वत्र पेठा असूनहि शनिवार पेठ आणि शुक्रवारी यांत फरक राही. नवें उपनगर मात्र जागेस कांहीं विचारीत नाहीं. डिसेंबर २०२० मध्यें मुंबई व आणखी कांहीं क्षेत्रें वगळून राज्यांतील नगरांस बांधकामाची एकच नियमावली लागू झाली. अनेक नियमांच्या जंजाळापेक्षां एक नियम बरा, हें आम्हीहि मान्य करतों. परंतु नियम एक झाल्यानें पाऊस एक होत नाहीं.

पाण्यानें हा धडा अलीकडे तिन्ही नगरांस दिला आहे. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पुणें अद्याप विसरलेलें नाहीं. त्यांत धरण फुटलें होतें. पण २०१९ च्या सप्टेंबरांत पुण्यांत आंबील ओढ्यानें जो अनर्थ केला, त्यास कोणतेंहि धरण फुटावें लागलें नाहीं. हाच ओढा अडवून पेशव्यांनीं पर्वतीच्या पायथ्याशीं तलाव केला होता. म्हणजे त्याचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. त्याच वर्षीं ऑगस्टांत पंचगंगेनें कोल्हापूर वेढलें, आणि २०२३ च्या सप्टेंबरांत अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदी नागपुराच्या घरांत शिरली. ओढा, नदी आणि तलाव. तिन्ही ठिकाणीं पाण्यानें आपली जुनी वाट शोधली, आणि त्या वाटेवर त्यास माणसांचीं घरें आढळलीं. आजार पुन्हां एकच आहे. उपाय मात्र सह्याद्रीच्या कुशींतील पुण्यास एक, सखल नदीकांठच्या कोल्हापुरास दुसरा आणि तलावांच्या नागपुरास तिसरा लागेल.

तात्पर्य, एकाच प्रांतांतील शहरें हीं भावंडांसारखीं असतात. चेहऱ्याची ठेवण एक असली तरी प्रत्येकाची जन्मपत्रिका निराळी असते. त्यांना परस्परांचीं प्रतिबिंबें समजणें ही चूक, आणि परस्परांस परकीं समजणें ही त्याहून मोठी चूक. पुण्यानें नागपुराकडून शेजाऱ्याची भाषा सोसण्याची व समजण्याची रीत घ्यावी. नागपुरानें पुण्याकडून, राजधानीपद गेलें तरी नगर कसें उभें राहतें, हें पाहावें. आणि दोघांनींहि कोल्हापुराकडून हें शिकावें कीं, ज्याच्या हातीं अधिकार आहे त्यानें तो प्रथम सर्वांत खालच्या पायरीवरील माणसासाठीं वापरावा. अशी देवघेव ज्या दिवशीं घरोघरच्या बोलण्यांत व नगरसभांच्या विचारांत सुरू होईल, त्या दिवशीं या तीन जुन्या राजधान्यांचें साम्य केवळ इतिहासाचा विषय न राहतां उपयोगाची वस्तु होईल.